दोन देशांचे मूल, एका वर्षाची मुदत

वसईच्या पट्ट्यातून, उमेळे-नायगावपासून थेट आगाशी-अर्नाळ्यापर्यंत, माणसे कामासाठी परदेशी जाऊ लागली त्याला आता बराच काळ लोटला. आधी आखात, मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका. सुरुवातीला गेलेल्यांनी पैसे पाठवले, गावी घरे बांधली आणि उतारवयात ते परतले. त्यांच्या मुलांचे संसार मात्र परदेशात थाटले गेले, नातवंडे तिथेच जन्मली आणि घरात एक नवा प्रश्न आला: हे मूल कोणत्या देशाचे?

आजी-आजोबांना उत्तर ठाऊक असते. मूल आपले, म्हणजे इथले. विमानतळावरचा अधिकारी, शाळेचा लिपिक आणि तलाठी यांना तेवढ्यावर भागवता येत नाही, त्यांना कागद लागतो. परदेशी जन्मलेल्या भारतीय मुलाच्या कागदांचा कायदा तसा समजायला अवघड नाही. त्यातल्या मुदती मात्र फार थोड्या पालकांना वेळेवर कळतात. एक वर्ष, सहा महिने, अठरावा वाढदिवस हे टप्पे हुकले की दुरुस्तीला पुढे वर्षे जातात. उमेळ्याच्या एखाद्या घरातली नातवंडे डोळ्यांसमोर आणून हा कायदा पाहू. मुले काल्पनिक आहेत, नियम खरे आहेत.

तीन वेगळ्या गोष्टी

नागरिकत्व, पासपोर्ट आणि राहण्याचा हक्क या तीन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. नागरिकत्व हे कायद्याने जडलेले नाते आहे. मूल जन्मते त्या क्षणी एक किंवा अनेक देशांचे कायदे त्याला आपले म्हणतात, आईबापांनी अर्ज केलेला असो वा नसो. पासपोर्ट हा त्या नात्याचा पुरावा आणि प्रवासाचे साधन. राहण्याचा हक्क तिसराच. तो नागरिकाला आपोआप असतो, आणि नागरिक नसलेल्यालाही व्हिसाने किंवा विशेष कार्डाने मिळू शकतो.

नागरिकत्व देण्याच्या जगात दोन मुख्य रीती आहेत. काही देश जन्मभूमी पाहतात, काही रक्ताचे नाते पाहतात, आणि बरेच देश दोन्ही मिसळतात. एका देशाने भूमी पाहिली आणि दुसऱ्याने रक्त पाहिले की मुलाला दोन नागरिकत्वे मिळतात. दुहेरी नागरिकत्व बहुतेक वेळा कोणी मागून घेतलेले नसते, ते दोन कायद्यांच्या छेदावर आपसूक तयार होते. १९३० च्या हेग करारात अशा माणसांविषयी एक तत्त्व लिहिले गेले: ज्या देशात तुम्ही त्याच देशाचे नागरिक आहात, तिथे तुमचा दुसरा देश त्या देशाविरुद्ध तुमच्या संरक्षणाला उभा राहू शकत नाही. दोन नागरिकत्वे म्हणजे दुप्पट संरक्षण, असे मानणाऱ्या पालकांनी हे तत्त्व आधी लक्षात घ्यावे.

भारताची भूमिका राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदापासून ठाम आहे. ज्याने स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले, तो भारताचा नागरिक राहत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ याच पायावर उभा आहे. त्याच कायद्यात मुलांसाठी एक छोटी फट ठेवलेली आहे, आणि या प्रकरणाचा खरा विषय ती फट आहे.

कुवेतमध्ये जन्मलेली नात

पहिली नात कुवेतची. आई-वडील दोघेही भारतीय नागरिक, वडिलांचा तिथे कामाचा परवाना. आखाती देश जन्मभूमीवरून नागरिकत्व देत नाहीत. म्हणजे ही मुलगी कुवेती नाही, हे पक्के. मग ती आपोआप भारतीय झाली का?

इथेच पालक चुकतात. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व देणारे कलम ४ वेळोवेळी बदलले आहे. १० डिसेंबर १९९२ पूर्वी जन्मलेल्यांसाठी फक्त वडिलांचे भारतीयत्व मोजले जाई, आईचे नाही. त्या तारखेपासून आई किंवा वडील यांपैकी कोणीही चालते. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली: जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत झाली पाहिजे. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंद करताना पालकांना लिहून द्यावे लागते की मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही.

रुग्णालयाचा दाखला आणि कुवेत सरकारचा जन्मदाखला हातात आला म्हणजे काम झाले, असे समजून पालक थांबले तर या मुलीला कोणत्याच देशाचा कागद राहत नाही. पासपोर्ट नाही म्हणून तिथला निवास परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून आईबरोबर गावी येऊन परत जाण्याची सोय नाही. संयुक्त अरब अमिरातीत तर नवजात बाळाचा निवास परवाना काढायला १२० दिवसांचीच मुदत आहे. आखातातल्या पालकांसाठी क्रम असा: स्थानिक जन्मदाखला, मग दूतावासातली नोंद आणि भारतीय पासपोर्ट, मग निवास परवाना. मधल्या काळात अचानक परतावे लागले तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. ते भारतात येण्यापुरते, एका वाटेचे असते.

कुटुंब कायमचे गावी परतत असेल तर आणखी एक तरतूद उपयोगी पडते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम २० नुसार, परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद तिथे झालेली नसेल आणि आई-वडील स्थायिक होण्यासाठी भारतात आले असतील, तर आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. हे कलम फारसे कोणी सांगत नाही.

न्यू जर्सीचा नातू

दुसरा नातू अमेरिकेत जन्मला. आई-वडील दोघेही नोकरीच्या व्हिसावर, दोघेही भारतीय. अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती तिथे जन्मलेल्याला नागरिक मानते, आणि १८९८ साली वाँग किम आर्क खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी आई-वडिलांच्या मुलालाही ती लागू केली. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा अध्यक्षीय आदेश निघाला. खालच्या न्यायालयांनी तो अडवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिकडे बाळाची वाट पाहणाऱ्या मराठी घरांना ही बातमी दूरची वाटली नाही.

हा मुलगा अमेरिकी कायद्याने अमेरिकी आहे, आणि आई-वडील भारतीय असल्याने भारतीय नोंदणीलाही पात्र आहे. मग दोन्ही का घेऊ नये? अमेरिकेचा कायदा आपल्या नागरिकाला अमेरिकी पासपोर्टवरच देशात शिरायला आणि बाहेर पडायला सांगतो. मुलाला फक्त भारतीय पासपोर्ट काढला, तर परत जाताना व्हिसा लागेल. आणि स्वतःच्या नागरिकाला अमेरिका व्हिसा देत नाही. कॅनडाचे तसेच: दुहेरी नागरिकाला कॅनडाच्या विमानात बसताना कॅनडाचा वैध पासपोर्ट दाखवावा लागतो. दुसरीकडे, मुलाजवळ परदेशी पासपोर्ट आहे म्हटल्यावर भारतीय नोंदणीसाठीचे प्रतिज्ञापन करता येत नाही.

म्हणून बहुतेक घरांत एकच मार्ग निवडला जातो: अमेरिकी पासपोर्ट आणि त्याच्या जोडीला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांसाठीचे विशेष कार्ड. मार्ग सोयीचा आहे. फक्त या मार्गाने मुलगा भारताचा नागरिक होत नाही, हे त्या दिवशी मनाशी स्पष्ट असले पाहिजे. बरेच पालक कार्ड हातात आल्यावर ‘दोन्ही देशांचे झाले’ म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही.

स्विंडनचे बाळ आणि १७३९ साल

तिसरे बाळ इंग्लंडमध्ये जन्मले, आणि त्याच्या पाळण्याभोवती तीन देश उभे आहेत. वडील उमेळ्याचे, भारतीय पासपोर्टवर. आई गोव्याची, पण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली. स्विंडन गावात अशी गोवेकर कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात.

पोर्तुगालचा कायदा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना आपले नागरिक मानतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून ते आणि त्यांची मुले-नातवंडे नागरिकत्व घेतात. वसईकरांना हा प्रश्न हमखास पडतो: आमच्या आडनावांत परेरा, लोपीस, डिमेलो आहेत, किल्ला पोर्तुगिजांचा आहे, मग आम्हाला का नाही? उत्तर इतिहासात आहे. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. आज हयात असलेल्या कोणाही वसईकराचे आजोबा-पणजोबा पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेले नाहीत. त्याच रेल्वेमार्गावर पुढे वापीला उतरून गाठता येणारे दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीज राहिले, म्हणून तिथल्या घरांना तो हक्क आहे. आडनाव आणि धर्म नागरिकत्वाचा पुरावा होत नाहीत, जन्माच्या वेळचा अंमल होतो. कोणी एजंट उमेळ्यात येऊन केवळ आडनावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

पुन्हा बाळाकडे. आईमुळे ते पोर्तुगीज होऊ शकते. ब्रिटिश ठरेल का? १ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनने केवळ तिथल्या जन्मावर नागरिकत्व देणे थांबवले. आई किंवा वडील ब्रिटिश असावेत, किंवा त्यांना तिथे कायम राहण्याचा हक्क असावा. जन्माच्या वेळी आईला कायम निवासाचा हक्क मिळालेला असेल तर बाळ जन्मतः ब्रिटिश. काही महिन्यांनी मिळाला, तर आपोआप ब्रिटिश नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. आई-वडील दोघेही तात्पुरत्या व्हिसावर असलेले मूल ब्रिटिश होत नाही. पण आयुष्याची पहिली दहा वर्षे तिथेच राहिले तर त्याला नोंदणीचा हक्क मिळतो. ऑस्ट्रेलियानेही २० ऑगस्ट १९८६ पासून असाच नियम केला आहे. ‘तिकडे जन्मला म्हणजे तिकडचा’ हे वाक्य अमेरिका-कॅनडात खरे, लंडन-मेलबर्नमध्ये अर्धे खरे, कुवेतमध्ये खोटे.

आणि भारत? वडील भारतीय नागरिक असल्याने, वर्षाच्या आत आणि दुसरा पासपोर्ट काढण्यापूर्वी नोंद केली तर बाळ भारतीयही होऊ शकते. तीन दारे उघडी आहेत, आणि कोणते आधी ठोठावायचे यावर बाकीची उघडी राहतात की नाही हे ठरते. इथे आई-वडिलांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा लागतो: पुढची वीस वर्षे हे मूल कुठे वाढणार? त्या उत्तरावरून पासपोर्ट निवडावा. शेजाऱ्यांनी काय केले यावरून निवडू नये.

गावातच जन्मलेले परदेशी मूल

चौथ्या मुलाचा जन्म वसईतल्याच रुग्णालयात झाला. आई उमेळ्याची, भारतीय. वडील इंग्लंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश नागरिक. भारतात जन्मलेल्यांचा नियम तीन टप्प्यांत बदलला. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मणे बहुतेक सर्वांना पुरेसे होते. त्यानंतर एक पालक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोन्ही पालक भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. आपल्या उदाहरणात वडील व्हिसा घेऊन आलेले आहेत, म्हणून मूल जन्मतः भारतीय. वडिलांमुळे ते जन्मतः ब्रिटिशही आहे.

या मुलाला भारतीय पासपोर्ट काढला तर इथे राहायला काहीच अडचण नाही. ब्रिटिश पासपोर्ट काढला की चित्र बदलते. कायद्यात नागरिकत्व जाण्यासाठी परदेशी नागरिकत्व ‘स्वेच्छेने’ घेतलेले असावे लागते, आणि जन्मतःच मिळालेल्या नागरिकत्वात तान्ह्या बाळाची स्वेच्छा कोणती, हा खराखुरा कायदेशीर प्रश्न आहे. पण पासपोर्टचा व्यवहार सरळ आहे: दोन देशांचे पासपोर्ट एकाच वेळी वापरू दिले जात नाहीत. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करून समर्पण प्रमाणपत्र घ्यावे लागते. दडवून दोन्ही वापरल्यास पासपोर्ट कायदा, १९६७ खाली दंड आणि शिक्षेची तरतूद आहे.

ब्रिटिश पासपोर्टवर हे बाळ भारतात परदेशी ठरते, आणि त्याच्या पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का नसतो, कारण ते कुठून आलेलेच नाही. देशाबाहेर नेताना परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातून, म्हणजे एफआरआरओतून, बाहेर पडण्याची परवानगी घ्यावी लागते. तिकीट आधी आणि परवानगी नंतर असा क्रम ठेवला की विमान चुकते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन परदेशी नागरिकांसाठी २०२५ चा नवा एकत्रित कायदा लागू झाला आहे, तेव्हा दहा वर्षांपूर्वी एखाद्या चुलतभावाने कसे केले, त्या आठवणीवर विसंबू नये.

ओसीआय कार्ड काय देते, काय देत नाही

२००२ च्या जानेवारीत लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने परदेशस्थ भारतीयांविषयीचा अहवाल दिला. त्यात दुहेरी नागरिकत्वाची शिफारस होती. त्यातून पुढे जे आले ते ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजेच ओसीआय. नावात सिटिझन आहे, तरी कायद्याच्या दृष्टीने कार्डधारक परदेशी नागरिकच असतो. ९ जानेवारी २०१५ ला भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठीची जुनी पीआयओ कार्डाची योजना यातच विलीन झाली.

देते ते थोडके नाही. आयुष्यभर भारतात ये-जा करता येते, कितीही दिवस राहता येते, परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही. शाळेत जाता येते, बँकेत खाते उघडता येते, घर विकत घेता येते. उमेळ्यात आजी-आजोबांजवळ राहून मराठी शाळेत शिकावे असे वाटले, तर हे कार्ड पुरते. पर्यटन व्हिसावर असे राहून शिकता येत नाही; शिवाय पर्यटन व्हिसावर आलेल्याला भारतातून ओसीआयचा अर्जही करता येत नाही. तेव्हा शाळेचा विचार असेल तर कार्ड तिकडूनच काढून यावे.

देत नाही तेही मोठे आहे. मतदान नाही, निवडणूक लढवणे नाही, सरकारी नोकरी नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने आणखी एक दार अरुंद केले: नीट, जेईईसारख्या परीक्षांतून ओसीआय मुलांना केवळ अनिवासी भारतीयांच्या जागा मिळतात, भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या नाहीत. लहानपणापासून इथेच शिकलेल्या, डॉक्टर होण्याची तयारी करणाऱ्या मुलांवर हा घाव होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले की हा नियम अधिसूचनेच्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना लागू होणार नाही. त्यानंतर कार्ड मिळालेल्यांना लागू आहे. मुलगा पहिलीत असताना जो कागद निवडला, तो बारावीला फीच्या रूपाने समोर येऊ शकतो.

हे कार्ड नागरिकत्व नाही, याचा सर्वांत कठोर धडा २०२० ने दिला. कोविडच्या साथीत १३ मार्चपासून भारताने व्हिसा स्थगित केले आणि ओसीआयची व्हिसामुक्त ये-जाही थांबवली. नोकरी गेलेली भारतीय जोडपी अमेरिकेतून परतायला निघाली. आई-वडिलांना विमानात जागा होती, तान्ह्या अमेरिकी बाळाला नव्हती. २२ मेच्या आदेशाने भारतीय पालकांच्या अल्पवयीन ओसीआय मुलांना सूट मिळेपर्यंत किती घरे टांगणीला लागली होती! नागरिकाला त्याचा देश दारात अडवू शकत नाही. कार्डधारकाला अडवू शकतो, आणि त्या वर्षी अडवले.

देखभालीचा नियमही सांगतो. विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नवीन पासपोर्ट निघाला की त्याची प्रत आणि मुलाचा नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांत चढवायचा. वय वर्षे वीसनंतर पहिला नवा पासपोर्ट निघाला की कार्ड एकदा पुन्हा काढायचे. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांतच संपतात, म्हणून हे काम वारंवार येते.

वाडीचा सातबारा

वसईच्या घरांत नागरिकत्वाचा प्रश्न शेवटी जमिनीपाशी येतो. केळी, फुले, पानवेल यांच्या वाड्या सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून लागलेल्या असतात. परकीय चलनाच्या नियमांनुसार ओसीआय कार्डधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, आणि बक्षीसपत्रानेही घेऊ शकत नाही. वारसाने मात्र घेऊ शकतो.

हा भेद आजोबांना माहीत असायलाच हवा. हयातीत प्रेमाने ‘वाडी नातवाच्या नावावर करून टाकू’ म्हणून ओसीआय नातवाला बक्षीसपत्र केले, तर व्यवहारच नियमबाह्य ठरतो. तीच वाडी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आली तर चालते. पुढे त्याला विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते, आणि महाराष्ट्राच्या कूळकायद्याप्रमाणे घेणारा सहसा शेतकरी असावा लागतो. राहते घर आणि फ्लॅट यांना हे बंधन नाही. ते जवळच्या नातलगाला बक्षीसही देता येतात. वकिलाकडे जाताना म्हणून दोन कागद बरोबर न्यावेत: जमिनीचा सातबारा आणि नातवाच्या पासपोर्टची प्रत.

एस की झेड

कायदा समजला तरी अर्ज अडतात ते नावांवरून. वसईत एकाच घराच्या कागदांत आडनावाची तीन रूपे सापडतात. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत लोपीस, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लोपेस, पासपोर्टवर इंग्रजीत कधी शेवटी एस, कधी झेड. परेराचे इंग्रजी स्पेलिंगही असेच दोन-तीन तऱ्हेचे. मराठी बोलताना फरक जाणवत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी लक्ष दिले नाही. परदेशातल्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि वडिलांच्या भारतीय पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेने आले, की संगणकाच्या लेखी ती दोन माणसे होतात. पाटील, म्हात्रे, भोईर यांची अडचण वेगळी. मधले वडिलांचे नाव एका देशात मधले नाव ठरते, दुसऱ्यात पहिल्या नावाचा भाग होते, तिसऱ्यात गळून पडते.

उपाय एकच, आणि तो बाळ जन्मण्यापूर्वीचा: आई-वडिलांच्या पासपोर्टवरचे स्पेलिंग अक्षरशः तसेच्या तसे रुग्णालयाच्या अर्जात लिहायचे. इथल्या दाखल्यांतही लक्ष हवे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी भारतीय पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून अधिकृत जन्मदाखलाच लागतो. बाप्तिस्म्याचा किंवा शाळेचा दाखला चालत नाही.

कागद परदेशी चालण्यासाठी प्रमाणित करावे लागतात. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे, म्हणून ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जानेवारी २०२४ पासून कॅनडा येथे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. कुवेत आणि संयुक्त अरब अमिराती या करारात नाहीत, तिथे त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो.

आणखी एक कागद संमतीचा. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते. एकटी आई मुलाला घेऊन सुट्टीला गावी येत असेल, तर वडिलांचे नोटरी केलेले संमतीपत्र बरोबर असावे. आई-वडिलांचे पटत नसेल तर हे अधिकच जपावे लागते. मूल एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेल्यास ते परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे, पण भारत त्यात नाही. अशा वादांत आपली न्यायालये मुलाचे हित पाहून प्रत्येक प्रकरण वेगळे ठरवतात, आणि त्याला वेळ लागतो. मूल तेवढ्या काळात मोठे होत असते.

अठरावा वाढदिवस

आता सुरुवातीला म्हटलेली फट. परदेशात जन्मलेले, कलम ४ खाली भारतीय झालेले मूल अल्पवयात दुसऱ्या देशाचेही नागरिक असू शकते, हे कायदा मान्य करतो. मात्र सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर भारतीय नागरिकत्व संपते. कोणी पत्र पाठवत नाही, कोणी विचारत नाही, मुदत गुपचूप निघून जाते.

आई-वडिलांनी स्वतः भारतीय नागरिकत्व सोडण्याची रीतसर घोषणा केली, तर कलम ८ नुसार त्यांच्या अल्पवयीन मुलाचेही नागरिकत्व जाते. पण सज्ञान झाल्यावर एका वर्षात घोषणा करून ते परत मिळवण्याचा हक्क त्याला आहे. इथे एक बारकावा मोठा ठरला. बहुतेक माणसे आधी नागरिकत्व सोडून मग परदेशी होत नाहीत; ती थेट कॅनडाचे किंवा सिंगापूरचे नागरिकत्व घेतात आणि भारतीयत्व कलम ९ नुसार आपोआप जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा पालकांच्या मुलांना कलम ८ चा परतीचा हक्क नाही. एकाच घरातून निघालेल्या दोन भावांच्या मुलांचे भवितव्य त्यांच्या बापांनी कोणता अर्ज कधी भरला यावरून वेगळे होऊ शकते. मुलांचा यात काहीच वाटा नसतो.

अशांना पुढचा रस्ता लांबचा आहे. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक राहून आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य करून नोंदणीने नागरिक होता येते, परदेशी नागरिकत्व सोडण्याच्या अटीवर.

१९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या सातव्या कलमात प्रत्येक मुलाला जन्मनोंदीचा, नावाचा आणि राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क मुलाचा आहे, तरी तो वापरतात आई-वडील, आणि तेही बाळाच्या पहिल्याच वर्षात, जेव्हा झोपेलाही सवड नसते. माझे मागणे दोन ठिकाणी आहे. दूतावासांनी जन्मनोंदीच्या दिवशीच अठराव्या वर्षाची मुदत पालकांच्या भाषेत, मराठीतही, लेखी द्यावी आणि ती जवळ आली की मुलाला कळवावे. संगणकाच्या काळात हे अशक्य नाही. आणि पालकांनी प्रत्येक मुलाच्या नावाची एक फाइल करावी: जन्मदाखला, दूतावासाची नोंद, जुने-नवे सगळे पासपोर्ट, समर्पण प्रमाणपत्र, ओसीआय कार्ड, आणि वर एका कोऱ्या कागदावर त्याच्या सज्ञान होण्याची तारीख व त्यापुढच्या सहा महिन्यांची अखेर. सोळाव्या वर्षी ती फाइल मुलापुढे ठेवून त्याला सगळे समजावून सांगावे. मग त्याने भारत निवडावा किंवा दुसरा देश निवडावा, निर्णय त्याचा असेल आणि त्याला तो वेळेत घेता येईल.